इंग्लंडमधील सरकारी माध्यमिक शाळेसाठी अर्ज कसा करावा

इंग्लंडमध्ये मुलाची प्राथमिक शाळा इयर सिक्सला संपते आणि अकरावा वाढदिवस झाल्यानंतरच्या सप्टेंबरात त्याला इयर सेव्हनमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, जायचे असते. हा प्रवेश आपोआप मिळत नाही. मूल चार वर्षांचे असताना रिसेप्शनसाठी, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गासाठी, एकदा अर्ज केला होता, आता प्राथमिक शाळाच त्याला पुढे पाठवील, अशा समजुतीत राहिलेले पालक दर वर्षी नोव्हेंबरात भेटतात, आणि तोवर मुदत टळून गेलेली असते. लहान वर्गांपासून शेवटच्या वर्गापर्यंत सारे एकाच छताखाली असलेल्या मोजक्या शाळांतील मुले सोडली, तर प्रत्येक मुलासाठी नवा अर्ज करावा लागतो आणि तो ३१ ऑक्टोबरपर्यंत पोहोचावा लागतो.

पुढील माहिती इंग्लंडपुरतीच आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या शिक्षणव्यवस्था व प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे ग्लासगोला किंवा कार्डिफला राहणाऱ्यांनी तिथल्या कौन्सिलकडूनच, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडूनच, माहिती घ्यावी. इंग्लंडमध्येही नॉर्थंबरलँडसारख्या काही भागांत मिडल स्कूलची पद्धत आहे आणि तिथे शाळा नवव्या व तेराव्या वर्षी बदलते. तेथील तारखा त्या त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहाव्यात.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकाच्या मनात शाळाप्रवेश म्हटले की तीन गोष्टी येतात: गुण, डोनेशन आणि ओळख. इथल्या सरकारी शाळेत या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. शिक्षण मोफत आहे. प्रवेशासाठी पालकांकडे देणगी मागणे, पालकांची किंवा मुलाची मुलाखत घेणे, पालकांचे शिक्षण, व्यवसाय वा उत्पन्न विचारात घेणे या सर्व गोष्टींना स्कूल ॲडमिशन्स कोड या नियमावलीने मनाई केली आहे. निवासी शाळांत मूल वसतिगृहात राहू शकेल का, एवढ्यापुरती मुलाखत घेता येते. ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळा, वगळता गुणांवरही सहसा प्रवेश ठरत नाही. मग ठरतो कशावर, तर शाळेने आधीच जाहीर केलेल्या निकषांवर. ज्याने ते निकष बारकाईने वाचले त्याला आपल्या मुलाला कोणती शाळा मिळण्याजोगी आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि ज्याने फक्त शेजाऱ्यांच्या शिफारशी ऐकल्या त्याला १ मार्चला, म्हणजे शाळा कळण्याच्या दिवशी, धक्का बसण्याची शक्यता अधिक असते.

वर्षाचे गणित

अर्ज ऑक्टोबरात करायचा असला तरी कामाला सुरुवात इयर फाइव्हच्या उन्हाळ्यातच करावी. शाळांचे ओपन इव्हिनिंग सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, पण काही शाळा जून-जुलैतही दारे उघडतात, आणि इयर फाइव्हमध्ये असताना निवांतपणे चार शाळा पाहून ठेवल्या तर सप्टेंबरातली धावपळ पुष्कळ कमी होते. ओपन इव्हिनिंगला गेल्यावर मुख्याध्यापकांचे भाषण ऐकावे, पण त्याहून जास्त वेळ वर्गांतून फिरवून आणणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलण्यात घालवावा. गृहपाठ किती असतो, दुपारच्या सुट्टीत मुले कुठे असतात, एखाद्याला कोणी त्रास दिला तर तो कोणाकडे जातो, हे ती मुले फार सरळपणे सांगतात.

१२ सप्टेंबरपर्यंत प्रत्येक कौन्सिलला आपल्या भागातील सर्व शाळांची प्रवेशविषयक माहितीपुस्तिका प्रसिद्ध करावी लागते. ही पुस्तिका रूक्ष असते, परंतु या साऱ्या खटाटोपात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. तिच्यात प्रत्येक शाळेच्या इयर सेव्हनमधील जागांची संख्या, गेल्या वर्षी आलेले अर्ज, प्रवेशाचे निकष आणि बहुतेक ठिकाणी शेवटची जागा कितव्या निकषावर व किती अंतरावर संपली याची आकडेवारी दिलेली असते.

ऑनलाइन अर्ज बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या सुरुवातीला खुला होतो. अर्ज आपण जिथे राहतो त्या कौन्सिलकडे करायचा, शाळा दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत असली तरीही. म्हणजे आपण ज्यांना कौन्सिल टॅक्स भरतो त्यांच्याकडेच शेजारच्या हद्दीतील शाळेचे नाव लिहायचे. ती माहिती पुढे पोहोचवणे हे त्यांचे काम. लंडनमध्ये सर्व बरो, म्हणजे शहराचे स्थानिक प्रशासकीय विभाग, मिळून एकच ई-ॲडमिशन्स पोर्टल वापरतात आणि तिथे सहा शाळांची नावे देता येतात. इतरत्र ही संख्या वेगवेगळी असते, पण कोणत्याही कौन्सिलला किमान तीन नावे देण्याची मुभा ठेवावीच लागते.

ग्रामर स्कूलचा विचार असेल तर तारखा याहून बऱ्याच आधीच्या आहेत. इंग्लंडमध्ये आज १६३ ग्रामर शाळा आहेत आणि १९९८ च्या कायद्याने नव्या काढता येत नाहीत, म्हणून त्या केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर, ट्रॅफर्ड, बर्मिंगहॅम, स्लाव, लंडनच्या कडेचे काही बरो अशा ठरावीक भागांतच एकवटलेल्या आहेत. त्यांची इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, साधारणपणे सप्टेंबरात होते आणि तिची नोंदणी इयर फाइव्हच्या उन्हाळ्यातच संपते. बकिंगहॅमशरमध्ये तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांची नोंद आपोआप होते. केंटमध्ये मात्र पालकाने जूनच्या सुमारास स्वतः नोंदणी करावी लागते. नोंदणी चुकली की सहसा त्या वर्षीची संधी गेली. निकाल ३१ ऑक्टोबरपूर्वी कळवण्याचा प्रयत्न शाळांनी करावा असा नियम आहे, त्यामुळे नावे भरताना मुलाचा निकाल बहुधा हाती असतो. परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हे आपल्याकडच्या पालकांना दोनदा सांगावे लागते. बकिंगहॅमशरमध्ये १२१ गुण मिळाले की मूल पात्र ठरते, पण जागांपेक्षा पात्र मुले जास्त असली की पुन्हा घरापासूनचे अंतर, त्याच शाळेतील भावंड, कॅचमेंट म्हणजे शाळेसाठी आखलेला परिसर, हेच निकष लागतात. उलट काही ग्रामर शाळा गुणानुक्रमे जागा भरतात, आणि तिथे नुसते पात्र असून भागत नाही. शिवाय परीक्षेची नोंदणी हा शाळेचा अर्ज नसतो. कौन्सिलच्या अर्जात त्या शाळेचे नाव लिहिले नाही तर १४० गुण मिळवूनही जागा मिळणार नाही.

निकष कसे वाचावेत

शाळेकडे १८० जागा असतील आणि अर्ज १६० आले असतील, तर सर्वांना प्रवेश द्यावा लागतो. यात शाळेला निवड करता येत नाही, ग्रामर स्कूलचा अपवाद वगळता. प्रश्न येतो तो जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तेव्हा. अशा वेळी मुलांना कोणत्या क्रमाने घ्यायचे याची यादी शाळेने आधीच जाहीर केलेली असते. ही यादी कोण ठरवते हे शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे: कौन्सिल चालवते त्या कम्युनिटी शाळांसाठी ती कौन्सिल ठरवते, तर अकॅडमी (सरकारी निधीवर पण कौन्सिलच्या नियंत्रणाबाहेर चालणाऱ्या शाळा), फ्री स्कूल (नव्याने काढलेल्या तशाच शाळा) आणि व्हॉलंटरी एडेड शाळा (बहुधा धार्मिक संस्थांच्या) आपापली यादी स्वतः ठरवतात. आज बहुतेक माध्यमिक शाळा अकॅडमी झालेल्या असल्याने एकाच रस्त्यावरील दोन शाळांचे नियम पूर्णपणे वेगळे असू शकतात, आणि म्हणूनच एका शाळेचा अनुभव दुसरीला लावता येत नाही.

विशेष शैक्षणिक गरजांसाठी ईएचसीपी हा आराखडा मंजूर झालेल्या मुलाच्या आराखड्यात ज्या शाळेचे नाव असते तिला त्या मुलाला घ्यावेच लागते. अशा मुलांची प्रक्रिया वेगळी असते. कौन्सिलने १५ फेब्रुवारीपर्यंत आराखड्यात शाळेचे नाव निश्चित करायचे असते आणि पालकाने त्यासाठी कौन्सिलच्या विशेष गरजा विभागाशी बोलावे, सर्वसाधारण अर्जावर विसंबू नये. त्यानंतर निकषांच्या यादीत पहिला मान कौन्सिलच्या देखभालीखाली असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या मुलांचा. पुढचा क्रम शाळेगणिक बदलतो. आधीपासून त्या शाळेत असलेले भावंड, ठरावीक प्राथमिक शाळांतून येणारी मुले, कॅचमेंट म्हणून नकाशावर आखलेला परिसर, शाळेतील कर्मचाऱ्यांची मुले, गंभीर वैद्यकीय किंवा सामाजिक कारण आणि शेवटी बहुतेक ठिकाणी घरापासूनचे अंतर, असे निकष वेगवेगळ्या क्रमाने मांडलेले दिसतात.

येथे प्रत्येक शब्दाची व्याख्या वाचणे आवश्यक आहे. भावंड म्हणजे प्रवेशाच्या वेळी शाळेत शिकत असलेले भावंड की नुकतेच बाहेर पडलेलेही चालते, सिक्स्थ फॉर्ममधील (आपल्या अकरावी-बारावीसारख्या वर्गांतील) मोठी बहीण धरतात की नाही, आणि आपल्याकडे सख्ख्यासारखे वाढलेले पण चुलत असलेले भावंड त्यात बसते का, याचे उत्तर शाळेच्या धोरणात लिहिलेले असते. चुलत-मावस भावंडे बहुधा बसत नाहीत. अंतर सरळ रेषेत मोजायचे की चालण्याच्या रस्त्याने, शाळेच्या कोणत्या फाटकापर्यंत मोजायचे, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे. गूगल मॅपवर पाहिलेले अंतर कौन्सिल मान्य करत नाही. त्यांची स्वतःची संगणकप्रणाली असते आणि ती मैलाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते. पुष्कळ कौन्सिलच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून शाळांपर्यंतचे अंतर पाहण्याची सोय असते, तीच वापरावी. ब्रायटनमध्ये २००८ पासून कॅचमेंटच्या आत सोडत काढली जाते, त्यामुळे त्या परिसरात शाळेच्या भिंतीला लागून घर घेतल्यानेही विशेष फायदा होत नाही.

शेवटच्या अंतराचे आकडे वाचताना एकाच वर्षावर जाऊ नये. समजा एखाद्या शाळेत तीन वर्षांपूर्वी शेवटची जागा १.४२ मैलांवर गेली, नंतर १.३१ वर आणि गेल्या वर्षी १.१८ वर. आपले घर १.१ मैलावर आहे. आकडा अजून आपल्या बाजूचा असला तरी कल आपल्या विरुद्ध आहे, आणि यंदा भावंडे जरा जास्त आली की ही शाळा हातची जाईल. अशी शाळा यादीत जरूर ठेवावी, पण तिला खात्रीची समजू नये.

काही शाळांच्या नियमांत बँडिंग हा प्रकार असतो आणि त्याबद्दल मराठी पालकांत सर्वांत जास्त गोंधळ दिसतो. यात सर्व अर्जदार मुलांची एक चाचणी घेतात, पण ती हुशार मुले निवडण्यासाठी नसते. गुणांनुसार मुलांचे गट पाडून प्रत्येक गटातून ठरावीक संख्येने मुले घ्यायची, म्हणजे शाळेत सर्व प्रकारच्या क्षमतेची मुले येतील, असा तिचा हेतू असतो. त्यामुळे या चाचणीसाठी शिकवणी लावण्यात अर्थ नाही. चाचणीला हजर राहणे मात्र आवश्यक आहे, कारण न बसलेल्या मुलांचा विचार बसलेल्यांच्या नंतर होतो. आमच्या थोरल्या मुलीच्या वेळी आम्ही कौन्सिलचा अर्ज अगदी वेळेवर केला आणि शाळेकडची चाचणीची नोंदणी वेगळी करायची असते हे वाचायचे राहून गेले. घर शाळेपासून आठ मिनिटांवर असूनही तिचे नाव यादीच्या तळाशी गेले. चूक सर्वस्वी आमची होती. तो नियम पुस्तिकेच्या एका ओळीत स्पष्ट छापलेला होता.

संगीत, नृत्य, क्रीडा, परदेशी भाषा अशा विषयांतील नैसर्गिक कल पाहून काही शाळा दहा टक्क्यांपर्यंत जागा भरू शकतात. मुलाला सुरांची जाण असेल तर हा मार्ग पाहण्यासारखा आहे, पण त्याच्या चाचणीची नोंदणीही बहुधा वेगळी आणि लवकर असते.

धर्माधारित शाळांचे निकष आणखी वेगळे. चर्च ऑफ इंग्लंडच्या किंवा कॅथलिक शाळांत चर्चमधील नियमित उपस्थितीला प्राधान्य असू शकते, आणि काही शाळा थोड्या जागा इतर धर्मीयांसाठी किंवा केवळ अंतरावर ठेवतात. लंडनच्या हॅरो भागात अवंती हाउस ही सरकारी निधीवर चालणारी हिंदू माध्यमिक शाळाही आहे. अशा नव्या फ्री स्कूलना अर्ज जास्त आले तर जास्तीत जास्त निम्म्या जागाच धर्माच्या निकषावर भरता येतात, त्यामुळे आपण हिंदू आहोत एवढ्यावर जागा गृहीत धरू नये आणि हिंदू नसलेल्यांनीही ती यादीतून वगळू नये. या शाळांसाठी कौन्सिलच्या अर्जाखेरीज पुरवणी माहितीचा फॉर्म थेट शाळेकडे द्यायचा असतो. फक्त पुरवणी फॉर्म दिला तर अर्जच झाला नाही असे धरतात, आणि फक्त कौन्सिलचा अर्ज दिला तर मुलाला धर्माच्या निकषाचा लाभ मिळत नाही. दोन्ही हवेत.

वैद्यकीय किंवा सामाजिक कारण लिहायचे असेल तर डॉक्टरांचे वा संबंधित व्यावसायिकाचे पत्र लागते, आणि त्या पत्रात मुलाला आजार आहे एवढेच नव्हे तर हीच शाळा का हवी, दुसरीकडे ते का जमणार नाही, हे लिहिलेले असावे लागते. मुलाला दमा आहे हे खरे असले तरी दम्याच्या मुलाला सांभाळणे प्रत्येक शाळेला जमते, असे उत्तर कौन्सिलकडून येते.

सहा नावे आणि त्यांचा क्रम

महाराष्ट्रात अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना पसंतीक्रम भरण्याची सवय असते, पण तिथले आडाखे इथे जसेच्या तसे लागू करू नयेत. तिथे दहावीचे गुण सर्व कॉलेजांसाठी एकच मोजमाप असते; इथे प्रत्येक शाळेची फूटपट्टी वेगळी आहे.

प्रक्रिया अशी चालते. आपण लिहिलेल्या प्रत्येक शाळेकडे मुलाचे नाव जाते. प्रत्येक शाळा आपल्याकडे आलेल्या सर्व मुलांना फक्त आपल्या निकषांनुसार क्रम लावते. आपण तिला पहिली लिहिले की सहावी, याचा विचार करण्यास तिला मनाई आहे. पूर्वी काही शाळा पहिल्या पसंतीच्या मुलांना आधी घेत, ती पद्धत २००७ च्या नियमावलीने बंद झाली. सर्व शाळांच्या याद्या कौन्सिलकडे परत आल्या की संगणक पाहतो की हे मूल कोणत्या कोणत्या शाळेत बसते. एकापेक्षा जास्त शाळांत बसत असेल तर त्यांतील आपल्या यादीत सर्वांत वर असलेली शाळा देऊ केली जाते आणि बाकीच्या जागा पुढच्या मुलांकडे सरकतात. हाती येते ती एकच ऑफर.

यातून पुढचे दोन निष्कर्ष निघतात. पहिला, खरोखर जी शाळा सर्वांत जास्त आवडते तिलाच पहिला क्रमांक द्यावा, ती मिळणे कितीही कठीण असले तरी. तिथे नंबर लागला नाही म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेतील आपली शक्यता तसूभरही कमी होत नाही. ‘पहिला नंबर वाया घालवू नका’ हा सल्ला भल्या हेतूने दिला जातो, पण तो जुन्या पद्धतीतला आहे. दुसरा, यादीत किमान एक शाळा अशी हवी की जिथे मागच्या तीन-चार वर्षांच्या आकड्यांवरून मूल निश्चित बसेल. ती फारशी आवडत नसेल तर सर्वांत खाली लिहावी, पण लिहावी.

एकच नाव लिहिले म्हणजे कौन्सिलला तीच शाळा द्यावी लागेल, किंवा सहाही रकान्यांत एकाच शाळेचे नाव भरले म्हणजे आपला निर्धार दिसेल, असे मानणारे लोक आहेत. संगणकाला निर्धार दिसत नाही. त्या एका शाळेत मूल बसले नाही तर इतर सर्वांच्या पसंती भागवून झाल्यानंतर ज्या शाळेत जागा उरली असेल ती शाळा मिळते, आणि ती तीन बस बदलून गाठावी लागणारी असू शकते. रिकामा ठेवलेला रकाना पालकाचा कोणताही फायदा करत नाही.

शाळा निवडताना ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा अहवाल सगळेच पाहतात. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात श्रेणी देणे बंद झाले आहे, तेव्हा शाळेच्या फाटकावरचा ‘आउटस्टँडिंग’चा फलक कोणत्या वर्षीचा आहे ते तपासावे, काही फलक पुष्कळ जुने असतात. परीक्षेचे निकाल पाहताना मुले शाळेत आली तेव्हा कुठे होती आणि जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला, कुठे पोहोचली हे पाहणे अधिक योग्य, कारण निवडून घेतलेल्या मुलांचे चांगले निकाल लावणे हे फारसे अवघड काम नाही. माझे स्वतःचे मत असे की अकरा वर्षांच्या मुलासाठी पाऊण तासाच्या प्रवासापेक्षा वीस मिनिटांवरची बरी शाळा चांगली. नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधारून येते, हे ओपन इव्हिनिंगच्या सप्टेंबरात ध्यानात येत नाही. प्रवासखर्चाचाही हिशेब करावा. घराजवळची योग्य शाळाच तीन मैलांहून दूर असेल तर कौन्सिलने मोफत प्रवासाची सोय करायची असते, पण जवळची सोडून आपण हौसेने दूरची निवडली तर साधारणतः ती मिळत नाही.

पत्ता

अंतरावर प्रवेश ठरतात म्हटल्यावर पत्त्याची तपासणी कडक असते. मूल शाळेच्या दिवसांत जिथे प्रत्यक्ष राहते तोच पत्ता द्यायचा. काकांचा, मित्राचा किंवा चार महिन्यांसाठी भाड्याने घेतलेल्या खोलीचा पत्ता दिल्यास आणि ते उघड झाल्यास दिलेली जागा काढून घेतली जाऊ शकते. आई-वडील वेगळे राहत असतील तर शाळेच्या आठवड्यातील जास्त रात्री मूल जिथे काढते तो पत्ता सहसा धरतात, आणि दोघांनी दोन अर्ज न करता एकच करायचा असतो. घर बदलणार असाल तर कोणत्या तारखेपर्यंतचे करारपत्र चालेल हे कौन्सिलला आधी विचारून घ्यावे.

एक जुना गैरसमज येथेच दूर करावा. शाळा दुसऱ्या बरोमध्ये आहे म्हणून आपले मूल मागे पडते असे नाही. १९८९ च्या ग्रीनिच खटल्यातील निकालामुळे केवळ आपल्या हद्दीत राहतात म्हणून मुलांना प्राधान्य देता येत नाही. हद्दीच्या कडेला राहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या शाळा पाहाव्यात.

अर्ज पाठवल्यावर पोहोच देणारा ईमेल येतो. तो आला नाही तर अर्ज नुसता जतन झाला आहे, सादर झालेला नाही, असे समजून पुन्हा पोर्टल उघडावे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री बसण्यापेक्षा शाळांच्या सुट्टीआधी हे काम उरकावे. दिवाळी बऱ्याचदा याच दिवसांत येते आणि फराळाच्या गडबडीत अर्ज विसरलेली घरे माझ्या माहितीत आहेत. उशिरा आलेल्या अर्जांचा विचार वेळेवर आलेल्या सर्व अर्जांनंतर होतो, मग घर शाळेसमोर का असेना.

१ मार्चनंतर

१ मार्च हा नॅशनल ऑफर डे. तो सुट्टीच्या दिवशी आला तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी ऑफर येतात. २०२५ मध्ये १ मार्चला शनिवार होता, म्हणून त्या ३ मार्चला आल्या. ईमेल आला की दिलेल्या मुदतीत ऑफर स्वीकारावी. शाळा मनासारखी नसली तरी स्वीकारावी, कारण स्वीकारल्याने प्रतीक्षा यादीवरचा किंवा अपिलाचा आपला हक्क जात नाही, आणि नाकारल्याने दुसरी चांगली शाळा देण्याची जबाबदारी कौन्सिलवर येत नाही. रागाच्या भरात नकार कळवून मुलाला शाळेविना ठेवण्याची वेळ आणू नये.

प्रतीक्षा यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते. तिच्यात आधी आला त्याला आधी असा नियम नसतो. तिथेही शाळेचे निकषच लागतात. त्यामुळे जवळ राहणारे नवे कुटुंब यादीत आले तर आपला सातवा क्रमांक आठवा होऊ शकतो. खासगी शाळेत जाणारी किंवा गाव सोडणारी मुले जागा मोकळ्या करतात, तेव्हा मार्च ते जुलै या काळात यादी बरीच हलते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही फोन आल्याची उदाहरणे आहेत.

प्रवेश नाकारणाऱ्या प्रत्येक शाळेविरुद्ध अपील करता येते. त्यासाठी निर्णय कळल्यापासून किमान वीस शालेय दिवसांची मुदत द्यावी लागते आणि वेळेत आलेल्या अपिलांची सुनावणी त्या मुदतीनंतर चाळीस शालेय दिवसांत व्हावी लागते. सुनावणी शाळेपासून स्वतंत्र असलेल्या, किमान तीन सदस्यांच्या समितीपुढे होते. समिती आधी पाहते की प्रवेशाचे नियम कायदेशीर होते का आणि ते नीट लावले गेले का. अंतर चुकीचे मोजले गेले आणि त्यामुळेच जागा हुकली असेल तर अपील इथेच जिंकता येते. नियम बरोबर लावले असतील तर आणखी एक मूल घेतल्याने शाळेचे होणारे नुकसान आणि ती शाळा न मिळाल्याने मुलाचे होणारे नुकसान यांची तुलना होते. म्हणून अपिलात मिळालेली शाळा वाईट आहे हे सांगण्यात वेळ घालवू नये. हवी असलेली शाळाच या मुलासाठी का आवश्यक आहे ते, शक्य तितक्या पुराव्यानिशी सांगावे: दुसरीकडे नसलेला एखादा विषय, आजारपण, घरची प्रवासाची अडचण. मूल हुशार आहे, तबल्याच्या परीक्षा दिल्या आहेत, मित्र त्याच शाळेत चालले आहेत, ही कारणे समिती शांतपणे ऐकून घेते, पण त्यांवर निर्णय क्वचितच फिरतो. बहुतेक अपिले फेटाळली जातात, हे मनाशी ठेवून तयारी करावी. सुनावणीला वकील लागत नाही.

भारतातून मधल्या काळात आल्यास

पुण्याहून किंवा मुंबईहून कंपनीच्या बदलीवर येणाऱ्या कुटुंबांची मुले पुष्कळदा वर्षाच्या मध्येच येतात. सैन्यातील व परदेशी नेमणुकीवरील ब्रिटिश सरकारी सेवकांना राहायला येण्याआधीच पुढच्या पत्त्यावर अर्ज करण्याची सवलत आहे. इतरांना बहुतेक कौन्सिल प्रत्यक्ष राहायला आल्यावरच पत्ता मान्य करतात. म्हणून घर भाड्याने घेण्याआधी त्या भागातील कोणत्या शाळांच्या त्या इयत्तेत जागा आहेत हे कौन्सिलला ईमेलने विचारावे, मग करार करावा. अशा अर्जाला इन-इयर अर्ज म्हणतात. काही ठिकाणी तो कौन्सिलकडे, काही ठिकाणी थेट शाळेकडे करायचा असतो. निर्णय शक्यतो दहा आणि जास्तीत जास्त पंधरा शालेय दिवसांत कळवायचा असतो. इयत्तेत जागा असेल तर प्रवेश द्यावा लागतो. नसेल तर नाव प्रतीक्षा यादीत जाते आणि अपिलाचा हक्क इथेही असतो. स्किल्ड वर्कर व्हिसावरील पालकाच्या अवलंबित मुलांना सरकारी शाळेत शिकता येते. भारतातील शाळेचा दाखला बरोबर असावा, पण टीसी नाही म्हणून इथे प्रवेश अडत नाही. जन्मतारखेचा पुरावा जागा देऊ केल्यानंतर मागतात आणि त्याला मुलाचा पासपोर्ट पुरतो. इयत्ता मात्र जन्मतारखेवरूनच ठरते, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या हिशेबाने, त्यामुळे तिकडे सहावीत असलेले मूल इथे इयर सेव्हनमध्ये बसलेले दिसले तर शाळेने चूक केली असे समजून लगेच पत्र लिहू नये.